हजेरीपट कोणाच्या हातात आहे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री अभ्यासिका बंद करताना तू जो प्रश्न विचारलास, त्याला मी तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. तू हेल्मेट हातात घेऊन उभा होतास, फोन दर अर्ध्या मिनिटाला वाजत होता आणि तुझे निम्मे लक्ष पुढच्या ऑर्डरकडे होते. अशा वेळी सांगितलेले कानावरून जाते, म्हणून सवडीने लिहितो आहे. तू म्हणालास, चाकणच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत सोळा हजारांचे काम मिळते आहे, पण जेवण पोहोचवण्याच्या कामात गेला महिनाभर पूर्ण वेळ राहिलो तर अठ्ठावीस हजार झाले. मग काका, सोळा हजारांसाठी पहाटे पाचला कंपनीची बस कशाला पकडायची? प्रश्न रास्त आहे. त्याला "नोकरी ती नोकरीच" असे वडीलधारे उत्तर देऊन मी तुझी बोळवण करणार नाही, कारण आयुष्यातली एकतीस वर्षे कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये आणि पुढे कामगार कल्याण अधिकारी म्हणून घालवल्यामुळे नोकरी नावाची वस्तू आतून कशी असते, हेही मला ठाऊक आहे.

आधी तुझ्या अठ्ठावीस हजारांकडे वळू. तू दाखवलेल्या स्क्रीनवर २८,०८० रुपये होते आणि कामाचे दिवस २६, म्हणजे रोजचे सरासरी १,०८० रुपये. तूच सांगितलेस की दिवसाला साधारण १२० किलोमीटर गाडी पळते. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू आणि शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात तुझी गाडी ४५ किलोमीटरचा ॲव्हरेज देते असे मानू. तर २७७ रुपये रोज टाकीत गेले. इथपर्यंतचा हिशेब प्रत्येक रायडर करतो आणि इथेच थांबतो. पण वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून घेऊन दिलेली ९५ हजारांची गाडी या वेगाने तीन वर्षांत एक लाख बारा हजार किलोमीटर धावेल आणि तेव्हा तिला पंचवीस हजारांहून अधिक कोणी देणार नाही. म्हणजे दर किलोमीटरमागे ६२ पैसे तू वडिलांच्या सोयाबीनमधूनच खर्च करतो आहेस. ऑइल, चेन-स्प्रॉकेट, टायर, ब्रेक लायनर यांचे ७० पैसे धरले, तर दिवसाचे १५८ रुपये हे झाले. फोनची झीज आणि डेटा यांचे पंधरा रुपये मिळवले की रोजचे ४५० रुपये तू कंपनीसाठी खर्च करतोस. उरले ६३० रुपये. २६ दिवसांचे १६,३८०.

आकडा पाहून मीही क्षणभर थबकलो होतो. तुझे अठ्ठावीस हजार आणि चाकणचे सोळा हजार ही एकच रक्कम आहे. कारखान्यात ती खर्च वजा होऊनच हातात येते, तुझ्याकडे खर्च आपल्या खिशातून नंतर, तुकड्यातुकड्याने आणि नकळत जातो. शिवाय तुझा दिवस अकरा तासांचा आहे. २८६ तासांना १६,३८० म्हणजे तासाला ५७ रुपये. कारखान्यात आठ तासांच्या पाळीने २०८ तासांना १६ हजार, म्हणजे ७७.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी वकिली करतो आहे असे तुला वाटेल. चाकणचे सोळा हजार तुझ्या हातात पूर्ण पडणार नाहीत. मूळ पगार बारा हजार धरला तर १,४४० रुपये भविष्यनिर्वाह निधीत, १२० रुपये ईएसआयत, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, आणि २०० रुपये व्यवसायकर कापला जाऊन खात्यावर १४,२४० येतील. पण त्याच वेळी मालकाच्या बाजूने आणखी १,४४० रुपये तुझ्या नावे निधीत जातील आणि ५२० रुपये ईएसआयला जातील, आणि हे पैसे तुला पगारपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत शोधावे लागतील. ईएसआयचे महत्त्व तरण्या पोराला कळत नाही, मलाही तेव्हा कळले नव्हते. आजारी पडलास तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम, आणि कामावर अपघात होऊन पडून राहावे लागले तर बरे होईपर्यंत ९० टक्के. पावसाळ्यात नवले पुलाच्या उतारावर तुझी गाडी घसरली, त्या आठवड्यात ॲपने तुला किती दिले होते? तू घरी हे सांगितले नाहीस, म्हणून मीही इथे अधिक लिहीत नाही.

तरीही माझ्या मते खरा फरक या रुपयांत नाही. तुझ्या अकरा तासांपैकी ऑर्डर हातात असलेले तास किती, असे विचारले तेव्हा तू म्हणालास साडेसात. उरलेले साडेतीन तास तू हॉटेलच्या दारात, डार्क स्टोअरच्या, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरसाठीच्या गोदामाच्या, कट्ट्यावर किंवा सिग्नलपाशी फोनकडे पाहत बसलास. त्या तासांची मजुरी कोणी दिली? कारखान्यात मशीन बंद पडले, वीज गेली, कच्चा माल आला नाही, तरी पाळीचा पगार चालू राहतो; कारण रिकाम्या वेळेचा धोका मालकाच्या अंगावर असतो आणि म्हणूनच मशीन बंद पडू नये याची धडपडही तोच करतो. तुझ्या धंद्यात रिकाम्या वेळेचा, पावसाचा, पंक्चरचा आणि बिल्डिंगच्या लिफ्टपर्यंतचा सगळा धोका तुझ्या अंगावर आहे. त्यामुळे एका चौकात पाच रायडर पुरेसे असताना पंधरा उभे असले, तरी कंपनीचे काहीच बिघडत नाही. उलट गिऱ्हाइकाला जेवण लवकर मिळते. तुला 'पार्टनर' म्हणतात ते याच अर्थाने. तोट्यात तुझी भागीदारी पक्की आहे.

हा शब्दांचा खेळ नवा नाही आणि न्यायालयांना तो कळत नाही असेही नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांच्या खटल्यात, करारात काय लिहिले आहे यापेक्षा भाडे कोण ठरवते, फेरी नाकारल्यास काय होते, रेटिंगच्या आधारे चालकाला कोण काढू शकते, हे पाहिले आणि चालकांना किमान वेतन व पगारी रजा यांसारखे हक्क असलेले कामगार मानले. आपल्याकडे कायद्याने वेगळी वाट घेतली आहे, तिच्याकडे मी पुढे येतो.

त्याआधी माझ्या वडिलांविषयी थोडे सांगतो, कारण तुझा फोन वाजताना मला दरवेळी त्यांचीच आठवण होते. १९५८ साली ते संगमेश्वराकडून लालबागला आले आणि एका गिरणीत बदली म्हणून लागले. बदली म्हणजे कायम कामगार खाडा करील त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत दरवाज्यापाशी जाऊन उभे राहायचे, खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, बाहेर येऊन बोटाने माणसे उचलणार, ज्याच्याकडे बोट गेले तो आत, उरलेले खानावळीत परत. उभे राहण्याचे पैसे नाहीत. वडिलांचा बदलीचा पास आमच्याकडे अजून आहे. पिवळट जाड कागद, मागे महिन्याचे चौकोन आणि काम मिळाले त्या दिवशी मारलेला जांभळा शिक्का. एका श्रावणात एकतीस चौकोनांत अकराच शिक्के आहेत. लहानपणी मला तो पास म्हणजे खेळातला पट वाटे.

जॉबर हा मुंबईच्या गिरणीचा खरा मालक, असे जुने लोक म्हणत. भरती त्याच्या हातात, काढणे त्याच्या हातात आणि मधली दस्तुरीही त्याच्याच खिशात. ही मनमानी इतकी वाढली की १९३५ मध्ये खुद्द गिरणीमालकांच्या संघटनेलाच ठरावीक माणसांना महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलीचे पास देण्याची आणि रिकाम्या जागा त्यांतूनच भरण्याची पद्धत सुरू करावी लागली. पुढे १९८२ चा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वेतनवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा, हीही त्यातली मागणी होती. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. तोवर कायम झालेले माझे वडील गावी परतले ते परतलेच. पास मात्र ट्रंकेत घेऊन गेले.

तुझे ॲप हा नवा जॉबर आहे. कोणाला ऑर्डर द्यायची, कोणाला चांगला स्लॉट आधी उघडायचा, कोणाची आयडी बंद करायची, हे तो ठरवतो, आणि त्यासाठी तू किती ऑर्डर नाकारल्यास, गिऱ्हाइकाने किती तारे दिले, पाऊस असताना लॉगइन होतास की नाही, हे तो लक्षात ठेवतो. जुन्या जॉबरला निदान तोंड होते; त्याच्या गावच्या माणसाकडून चिठ्ठी नेता येई, गणपतीला नारळ देता येई, फारच झाले तर चार जणांनी मिळून त्याला चाळीच्या जिन्यात गाठता येई. तुझ्या मित्राची आयडी बंद झाली तेव्हा त्याने चॅटवर सतरा वेळा एकच प्रश्न विचारला आणि सतरा वेळा एकच उत्तर आले, हे तूच सांगितलेस. म्हणून माझ्या दृष्टीने कोणतेही काम जोखण्याची पहिली कसोटी पगार नसून हजेरीपट कोणाच्या हातात आहे आणि तो आपल्याला पाहता येतो का, ही आहे.

हे मी अधिकाराने बोलतो त्याचे कारण फारसे अभिमानाचे नाही. नव्वदच्या दशकात मी एका कारखान्यात (नाव सांगत नाही) टाइमकीपर होतो. सलग वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण लागू होत असे. ते होऊ नये म्हणून सात महिने झाले की कंत्राटी पोरांना 'ब्रेक' द्यायचा आणि पंधरवड्याने नव्या नावाच्या कंत्राटदाराकडून परत घ्यायचे, अशी पद्धत होती. कोणाचे किती दिवस भरले याची यादी दर शनिवारी मी काढत असे. २२८, २३१, २३४ असे आकडे, आणि समोर लाल पेन्सिलीची खूण. त्या पोरांपैकी एकानेही स्वतःचे दिवस कुठे लिहून ठेवले नव्हते. माझ्या वडिलांचा पास घरात असून मला ते तेव्हा सुचले नाही, किंवा सुचले आणि मी गप्प राहिलो. आता दोन्हींत फरक करता येत नाही.

तेव्हा चाकणकडे भाबडेपणाने पाहू नकोस. तिथेही हजेरीपट तुझ्या हातात असणार नाही. सही करण्याआधी नेमणुकीच्या पत्रावर नाव कोणाचे आहे ते पाहा, कारखान्याचे की कंत्राटदाराचे. हुद्दा 'शिकाऊ' असा आहे का ते पाहा, कारण शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली घेतलेल्याला निधी आणि ईएसआय लागू होत नाहीत. 'निश्चित मुदतीची नेमणूक' असे शब्द असतील तर ते चांगले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांनुसार अशा कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतरच प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळू शकते. पहिल्या महिन्यानंतर निधीचा खातेक्रमांक आणि ईएसआयचा विमाक्रमांक मिळाला नाही, तर ते सोळा हजार खरोखरच सोळा हजार आहेत, त्याहून एक रुपया जास्त नाही, असे समज. मग तुझा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि तेव्हा तू ॲपचे काम निवडलेस तर मी तुला अडवणार नाही.

तुझ्यावर ही निवड करण्याची वेळ का आली, याचे खापर तुझ्या पिढीच्या आळसावर फोडणारे लोक तुला भेटतील. अभ्यासिकेच्या विश्वस्तांतही दोघे आहेत. त्यांना २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीतला एक आकडा ऐकव: देशाला २०३० पर्यंत दरवर्षी सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर लाख रोजगार शेतीबाहेर निर्माण करावे लागतील. त्याच वर्षीच्या श्रमबल सर्वेक्षणात काम करणाऱ्यांपैकी नियमित पगार मिळणारे जेमतेम २१.७ टक्के आणि स्वयंरोजगारी ५८.४ टक्के निघाले. स्वयंरोजगारी हा शब्द ऐकून दुकानाचा गल्ला डोळ्यांपुढे आणू नकोस, कारण घरच्या शेतात बिनपगारी राबणारी सूनही त्यातच मोजली जाते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने गिग कामगारांची, म्हणजे तुझ्यासारखे कायम नोकरीबाहेर सुटे काम करणाऱ्यांची, संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला. म्हणजे हा काही विद्यार्थ्यांच्या खिशखर्चाचा मामला राहिलेला नाही.

शेती आणि तुझे पेआउट यांचाही संबंध आहे. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मराठवाड्यातल्या कित्येक बाजार समित्यांत माल त्याच्या खाली गेला. तुझ्या वडिलांनी किती घेतले ते तुला माहीत आहे. अशा वर्षी गावातून पुण्याला येणारी एसटी भरून येते, आणि त्यातल्या ज्याच्याकडे दुचाकी आणि लायसन्स आहे तो आठवड्याभरात तुझ्याच चौकात उभा राहतो. ऑर्डर तेवढ्याच, हात जास्त. दर पाडण्यासाठी कंपनीला कोणाशी भांडावे लागत नाही, इन्सेन्टिव्हचा तक्ता गुपचूप बदलला की झाले. ॲपवरच्या टॅक्सीचे सुरुवातीचे दिवस आठवतात का? तू शाळेत असशील. गुंतवणूकदारांच्या पैशातून चालकांना भरघोस इन्सेन्टिव्ह मिळत होते, ते पाहून लोकांनी कर्जाने गाड्या घेतल्या, मग इन्सेन्टिव्ह आटले आणि हप्ते तसेच राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतले चालक संपावर गेले ते याच कोंडीतून. म्हणून एक गोष्ट हट्टाने सांगतो: या कामाच्या भरवशावर कर्जाने काहीही घेऊ नकोस, नवी गाडी तर नाहीच. हप्ता सुरू झाला की ऑर्डर नाकारण्याची, सुटी घेण्याची, काम सोडण्याची जी मोकळीक म्हणून तू या कामाची तारीफ करतोस, ती पहिल्या महिन्यातच संपते.

आता कायद्याविषयी. सगळे म्हणतात की गिग कामगाराचा एक मालक नसतो, कामाची जागा ठरलेली नसते, वेळ ठरलेली नसते, मग त्याला संरक्षण द्यायचे कसे? हा प्रश्न विचारणाऱ्या मराठी माणसाचे मला नवल वाटते. मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाचा तरी कुठे एक मालक असतो? सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी ट्रकवर. त्याच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, आणि त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांत बांधलेली संघटना होती. त्यातली युक्ती साधी आहे. मालक कोण यावर वाद घालत बसण्याऐवजी मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांचे मंडळ नेमायचे. व्यापाऱ्याने आणि हमालांच्या टोळीने दोघांनीही त्या मंडळाकडे नोंद करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे जादा आकार, मंडळात भरायची. आणि मंडळाने मजुरी वाटून लेव्हीतून निधी, ग्रॅच्युइटी, पगारी रजा आणि दवाखाना चालवायचा. हजेरीपट व्यापाऱ्याच्या दुकानातून उचलून मंडळाच्या टेबलावर ठेवला, एवढाच काय तो बदल. पण हमालाला म्हातारपण असते हे त्याने मान्य झाले.

माथाडीच्या नावाखाली चाकण-रांजणगाव पट्ट्यात खंडणी मागणाऱ्या टोळ्यांनी या कायद्याची जी बदनामी केली, तीही मला ठाऊक आहे. अशांचे फोन मी स्वतः घेतले आहेत. गुंडाने पावती छापली म्हणून पावतीची कल्पना वाईट ठरत नाही.

राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांसाठी जे कायदे केले, त्यांचा सांगाडा पाहिलास तर हेच मंडळ आणि हीच लेव्ही दिसेल. कर्नाटकात कामगाराला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबदल्यामागे एक ते पाच टक्के कल्याणशुल्काची तरतूद आहे, आणि काम बंद करण्याआधी कारणासह चौदा दिवसांची सूचना देणे कंपनीवर बंधनकारक केले आहे. तुझ्या मित्राच्या सतरा प्रश्नांचे उत्तर कायद्यात लिहायचे तर असे लिहितात. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द पहिल्यांदा कायद्यात आणले आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, मात्र कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही, निधीत द्यावी असे म्हटले. माझे मत विचारशील तर हे अर्धे पाऊल आहे. यातून विमा येईल, कदाचित पेन्शन येईल, पण रिकाम्या साडेतीन तासांची मजुरी येणार नाही, कारण किमान वेतन आणि कामाचे तास हे विषय तुझ्यासाठी उघडलेच गेलेले नाहीत. तरी अर्धे पाऊलही घेऊन ठेवावे.

ते कसे, तेवढे सांगतो. ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंद कर. आधार आणि फोन लागतो, पैसे लागत नाहीत, त्यामुळे शंभर-दोनशे मागणाऱ्या सेंटरवाल्याला नमस्कार करून बाहेर पड. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा कामगारांना ओळखपत्र आणि आयुष्मान योजनेखाली उपचार देण्याची घोषणा झाली ती याच नोंदणीच्या आधारे. मग एक वही घे. केंद्राने ३० डिसेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात, लाभासाठी एका कंपनीकडे वर्षात किमान ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम केलेले असावे, अशी अट होती. पुन्हा दिवसच! तेव्हा रोजची तारीख, लॉगइनची व लॉगआउटची वेळ, ऑर्डर, किलोमीटर आणि मिळालेले पैसे एका ओळीत लिही आणि आठवड्याच्या पेआउटचा स्क्रीनशॉट स्वतःला मेल करून ठेव, कारण आयडी बंद झाली की ॲपमधला इतिहासही त्याच दाराआड जातो. कंपनीने कापलेला कर आयकराच्या संकेतस्थळावर तुझ्या पॅनखाली दिसतो. विवरणपत्र भरलेस तर तो परत मिळू शकतो, आणि चार वर्षांनी कर्ज काढायचे झाले तर तेच विवरणपत्र तुझे पगारपत्रक होते.

गाडीच्या विम्याचा कागद काढून वाच. खासगी वापरासाठी घेतलेल्या विम्यावर तू मालवाहतूक करतो आहेस आणि अपघात झाल्यास विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. आणि काल तू सहज बोलून गेलास, की खोलीतला दुसरा मुलगा आजारी असताना तू त्याच्या आयडीवर दोन दिवस चालवलेस, ते पुन्हा करू नकोस. त्या दोन दिवसांत तुला ट्रकने उडवले असते, तर कंपनीच्या हजेरीपटावर तू घरी झोपलेला होतास, आणि जे काही तुटपुंजे अपघाती संरक्षण आहे तेही तुला मिळाले नसते.

एकट्याने करायच्या गोष्टी एवढ्याच. पुढचे एकट्याने होत नाही. हमाल पंचायत आणि रिक्षा पंचायत पुण्यातच आहेत, बाबा आढावांनी उभ्या केलेल्या. ज्यांचा एक मालक नाही अशा माणसांची संघटना कशी बांधतात हे पाहायला तुला परगावी जावे लागणार नाही. एखाद्या संध्याकाळी त्यांच्या 'कष्टाची भाकर' या जेवणाच्या केंद्रावर जेव आणि शेजारी बसलेल्या हमालाला विचार, मंडळ नव्हते तेव्हा त्यांचे वडील दिवस कसे मोजत होते. तुझ्या चौकातल्या पंधरा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर सध्या पोलिसांची नाकाबंदी कुठे आहे एवढेच येते. त्यावर आठवड्याचा इन्सेन्टिव्हचा तक्ता टाकायला सुरुवात करा, दर कधी आणि किती बदलला हे सगळ्यांना एकाच वेळी दिसू दे. बाकीचे त्यातून आपोआप सुचेल किंवा सुचणार नाही.

निवडीबाबत माझे मत असे. चाकणच्या पत्रात निधी, ईएसआय आणि निश्चित मुदत ही तिन्ही असतील, तर जा. पहाटेच्या बसमध्ये दीड तास मिळतो, तो अभ्यासाला आण. नसतील, तर ॲपचे काम कर, पण एमपीएससीच्या पुढच्या पूर्वपरीक्षेपर्यंतच, आणि ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिही. दिवसाला आठ तासांवर लॉगआउट. नवव्या तासापासून तू कमावत नाहीस, गाडी विकत असतोस.

पत्र अजून हातात आले नसेल तर आल्याबरोबर सहीच्या आधी मला दाखव. बुधवारी साडेसातनंतर मी अभ्यासिकेत असतो. वडिलांचा पास शोधून ठेवला आहे, पाहायचा असेल तर तोही पाहा. आणि येताना गाडीचा विमा आण, त्यातली बारीक अक्षरे माझ्या भिंगाशिवाय वाचता येणार नाहीत.

तुझा,
काका